भाषावादाच्या आडोशाला राहिलेली अध्ययन अक्षमता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एखादा मुलगा दहावीला अडखळला की त्याचे कारण शोधावे लागत नाही. ते आधीच ठरलेले असते. तो मराठी माध्यमात शिकला असेल तर कन्नडची सक्ती नडली, इंग्रजी माध्यमात घातला असेल तर घरी इंग्रजी कानावर पडत नव्हते, आणि कन्नड शाळेत गेला असेल तर मातृभाषेशी नाळ तुटली, असे आपण म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. या तिन्ही कारणांत तथ्य आहे आणि सीमाभागात राहणाऱ्या कोणालाही ते पटवून द्यावे लागत नाही. मात्र ही उत्तरे इतकी हाताशी असतात, की चौथी शक्यता तपासण्याची वेळच येत नाही. त्या मुलाला कोणत्याही लिपीतील मजकूर वाचताना आणि लिहिताना इतरांपेक्षा अधिक कष्ट पडत असतील, आणि ते पहिलीपासूनच पडत असतील, ही ती शक्यता. ज्यांच्या बाबतीत ती वेळेवर तपासली गेली नाही, अशी मुले आज पंधरा-सोळा वर्षांची आहेत, काही जण तिशी-चाळिशीत पोहोचले आहेत, आणि त्यांना शिकवण्याची जबाबदारी कोणावरच नाही. त्यांच्यासाठी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चालणारी शैक्षणिक उपचारांची, म्हणजे नेमकी अडचण शोधून त्यानुसार वाचन-लेखन शिकवण्याची, सार्वजनिक सोय बेळगाव जिल्ह्यात उभी राहिली पाहिजे, आणि तिला भाषावादापासून जाणीवपूर्वक दूर ठेवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याने हा प्रश्न केव्हाच मान्य केला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता हा एक प्रकार असून डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लेखनाची), डिसकॅल्क्युलिया (आकडेमोडीची) यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. वाचणे, लिहिणे, शुद्धलेखन किंवा आकडेमोड यांपैकी एका वा अनेक बाबतींत येणारी ही अडचण बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही आणि ती वयानुसार आपोआप जातही नाही. मोठेपणी माणूस तिच्याभोवती वाटा काढायला शिकतो, एवढेच. तरीही आपल्या शाळांत अशा मुलाला ‘ढ’ किंवा ‘आळशी’ ठरवून मागच्या बाकावर बसवण्याची रीत गेलेली नाही, आणि सीमाभागात तर त्याच्या अपयशाला भाषेचे सन्मान्य कारण मिळाल्यामुळे पालक आणि शिक्षक दोघेही निर्धास्त होतात.

भाषेची अडचण आणि वाचनाची अडचण वेगळी ओळखता येते. मूल मराठी नीट वाचत असेल आणि केवळ कन्नडमध्ये अडखळत असेल, तर प्रश्न भाषेच्या सरावाचा आणि शिकवण्याचा आहे. तेच मूल मराठी गोष्ट ऐकून ती नेमकेपणाने सांगू शकते, पण तीच गोष्ट छापील स्वरूपात समोर ठेवली की तिसऱ्या ओळीला थकते, आणि कन्नड व इंग्रजीतही तसेच घडते, असे दिसले तर मात्र कन्नडला दोष देऊन भागणार नाही. याच्या उलट, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारा प्रत्येक खेडवळ मुलगा काही डिस्लेक्सियाग्रस्त नसतो. तो जसे बोलतो तसे लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचेही तेच, कारण त्या आपल्यातील पदवीधरही सुखाने करतात. बेळगावी बोलीत वाढलेल्या मुलाच्या लेखनातील कोणती चूक बोलीची, कोणती शेजारच्या कन्नडची आणि कोणती अक्षमतेची, हे ठरवायला ही बोली ज्याच्या कानात आहे असा तपासनीस लागतो.

देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या अक्षरप्रधान आहेत आणि उच्चाराशी बऱ्याच प्रामाणिक आहेत. त्यामुळे येथे डिस्लेक्सिया इंग्रजीसारखा दिसत नाही. इंग्रजीत मूल शब्दच चुकीचा वाचते. आपल्याकडे ते बहुधा बरोबर वाचते, पण फार सावकाश वाचते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. हळू वाचणाऱ्याला आपण ‘वाचता येते’ या रकान्यात टाकतो आणि इथेच त्याची नोंद हुकते. शिवाय या लिप्यांतील अक्षरांचा संच मोठा आहे. कन्नड मुलांच्या प्रारंभिक वाचनाविषयी सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अक्षरांवर पूर्ण पकड बसायला चौथी इयत्ताही अपुरी पडते. मराठी शाळेतील मुलाला असे दोन संच शिकायचे असतात आणि त्यांचे नियमही जुळत नाहीत. ‘कि’ लिहिताना देवनागरीत वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, उच्चार मात्र नंतर होतो. कन्नडमध्ये ती खूण अक्षरालाच वरच्या बाजूने जोडलेली असते. ‘कर्म’मधील रफार आपण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देतो, तर कन्नडमध्ये तो त्या अक्षराच्या उजवीकडे, म्हणजे उच्चाराच्या क्रमाच्या उलट बसतो. एरवीच्या मुलाच्या हे हळूहळू अंगवळणी पडते. ज्याला ध्वनी आणि चिन्ह यांची जोडणीच जड जाते, त्याच्यावर मात्र हा दुहेरी भार असतो, आणि वरून इंग्रजी येते.

आकड्यांच्या बाबतीत गंमत अशी, की शेजारची भाषा येथे मदतीलाच येऊ शकते. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस मागाहून, पण लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’ म्हणताना तिसातून एक वजा करतो आणि लिहितो मात्र २९. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणजे सरळ वीस-पाच आणि ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणजे वीस-नऊ. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा किती गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. बेळगावच्या शनिवार खुटावर किंवा निपाणीच्या बाजारात वाढलेल्या मुलाच्या कानावर कन्नड आकडे जन्मापासून पडत असतात. डिसकॅल्क्युलिया असलेल्या अशा मुलाला स्थानिक किंमत समजावताना जाणकार शिक्षक त्या आकड्यांचा आधार घेईल, आणि त्यात कोणाच्याही अस्मितेला धक्का लागण्याचे कारण नाही.

तपासणीची साधने मुळीच नाहीत असे म्हणता येणार नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया-चाचणी २०१५ मध्ये आली तेव्हा ती हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड याच दोन भाषांत होती. सीमाभागासाठी याहून सोयीची जोडी कोणती असणार? पण ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही तिसरी इयत्ता किंवा आठवे वर्ष हीच तपासणीची वेळ धरली, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य मानले. ही सारी रचना लहानपणी निदान झालेल्या मुलाला गृहीत धरते. ज्याचे निदान तेव्हा झालेच नाही, त्या नववीतल्या मुलीला किंवा आयटीआयमधल्या मुलाला आपल्या भाषेतील योग्य चाचणी मिळणे दुरापास्त होते. बेंगळुरूची निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, पण निपाणीहून ते अंतर जवळजवळ दुप्पट होते, आणि एका फेरीत निदानाचे काम सहसा संपत नाही. रोजंदारीवर जगणारे कुटुंब अशा फेऱ्या किती करणार?

निदान झालेच तर पुढे काय मिळते? सवलत मिळते. दिव्यांग हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात परीक्षेसाठी वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लेखी परीक्षांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला ‘नीट’ परीक्षेत हा वेळ नाकारणे बेकायदा ठरवले. कर्नाटकात दहावीच्या ६२५ गुणांपैकी प्रथम भाषेचे १२५ आणि उरलेल्या दोन भाषांचे प्रत्येकी १००, म्हणजे ३२५ गुण भाषांचे, अशी रचना वर्षानुवर्षे राहिली आहे. निम्म्याहून अधिक गुण जेथे तीन भाषांच्या लेखी परीक्षेवर अवलंबून असतात, तेथे या सवलतींचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

पण सीमाभागात भाषेची सूट हा साधा शैक्षणिक निर्णय राहत नाही. २०१५ च्या कर्नाटक कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने अनिवार्य केली. मराठी मुलाने कन्नडमधून सूट मागितली की एका बाजूला ती पळवाट वाटते आणि दुसऱ्या बाजूला काहींना तो विजय वाटतो. दोन्ही समजुती त्या मुलाच्या हिताच्या नाहीत. या जिल्ह्यात राहून नोकरी-धंदा करायचा, तहसीलदार कचेरीत जायचे, बसची पाटी वाचायची, तर कन्नड लागणारच; म्हणून मला असे वाटते, की सूट शक्यतो लेखी परीक्षेपुरती असावी आणि बोलण्या-ऐकण्याचे कन्नड त्याला व्यवस्थित शिकवले जावे. डिस्लेक्सिया असलेली अनेक मुले कानाने भाषा चांगली उचलतात. त्यांना कन्नड येऊ शकते, फक्त कागदावर नव्हे, हे परीक्षा मंडळाने मान्य केले तर सूट आणि सक्ती यांच्यातील तेढ बरीचशी निवळेल.

तरीही सवलत म्हणजे शिकवणे नव्हे, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेतील मोठी उणीव येथेच आहे. लेखनिक मिळालेला मुलगा दहावी उत्तीर्ण होतो आणि पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, पहिल्या दिवशी तितकाच हळू वाचतो. कर्नाटकात २०२३-२४ पासून दहावीची परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा देता येऊ लागली. ज्याला मधल्या काळात कोणी काही वेगळे शिकवले नाही, त्याच्यासाठी ही एकाच वर्षात पुन्हापुन्हा नापास होण्याची सोय ठरते. शिकवणीचे वर्गही कामाचे नाहीत, कारण तेथे तोच धडा त्याच पद्धतीने, फक्त मोठ्या आवाजात, पुन्हा सांगितला जातो.

शैक्षणिक उपचार म्हणजे काय, हे थोडे तपशिलात सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. हे औषधोपचार नव्हेत आणि निव्वळ समुपदेशनही नव्हे. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. तेथे शैक्षणिक उपचारक हा शिक्षण, मानसशास्त्र आणि अध्ययन अक्षमता या तिन्हींचा जाणकार असतो आणि सहसा एका वेळी एकाच विद्यार्थ्याबरोबर काम करतो. आधी तो अडचण नेमकी कोठे आहे ते शोधतो: ध्वनी वेगळे करण्यात, जोडाक्षर ओळखण्यात, ओळखलेले वेगाने उच्चारण्यात, की वाचलेले लक्षात ठेवण्यात. त्यासाठी अर्थहीन शब्द वाचायला देणे ही जुनी आणि उपयोगी युक्ती आहे, कारण असा शब्द पाठांतराने वाचता येत नाही. त्यानंतर ध्वनी, अक्षर, जोडाक्षर, शब्द आणि वाक्य या क्रमाने, ऐकणे, बोलणे, पाहणे आणि हाताने गिरवणे एकत्र गुंफून, थोडे थोडे पण नेमाने शिकवले जाते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तास-पाऊण तास, आणि महिनोन्‌महिने. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

किशोरवयीन आणि प्रौढ व्यक्तींबरोबर मात्र लहान मुलांची पुस्तके चालत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलासमोर ‘कमळ बघ’ ठेवले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. त्याच्यासाठी क्रिकेटची बातमी, दुचाकीचे माहितीपत्रक, सैन्यभरतीची जाहिरात हेच पाठ्यपुस्तक. त्याला वाचन शिकवायचे तसेच वहीत कामाचे नियोजन लिहायला, मोठा धडा तुकड्यांत मोडायला, मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करायला आणि मजकूर मोबाइलकडून वाचून घ्यायलाही शिकवायचे. या सगळ्याच्या मुळाशी दहा वर्षांची शरम असते. वर्गात वाचायला उभे राहण्याची पाळी येऊ नये म्हणून शाळा बुडवणारा, चष्मा विसरल्याचे सांगणारा, मस्करी करून वेळ मारून नेणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. ती शरम बाजूला सारल्याशिवाय अक्षरओळख पुढे सरकत नाही, आणि अक्षरओळख पुढे सरकल्याशिवाय शरम जात नाही. उपचारकाचे कौशल्य या दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्यात आहे.

प्रौढांचा विचार तर आपण केलेलाच नाही. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात लेथवर मिलिमीटरच्या शतांशाचे काम बिनचूक करणारा कामगार लेखी परीक्षेच्या भीतीने बढती नाकारतो. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावरील बाई बचत गटाचा हिशेब तोंडाने चोख सांगते, पण वही दुसरीकडे सरकवते. अशांतील प्रत्येकाला अध्ययन अक्षमता असेल असे नाही. कोणाची शाळाच लवकर सुटलेली असते, कोणाची नजर कमी झालेली असते. पण काहींना ती निश्चित असते आणि त्यांना ते कधीच कळत नाही. सरकारचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. आठ-दहा वर्षे शाळेत जाऊनही ज्याला वाचन जमले नाही, तो कागदोपत्री साक्षर असतो आणि स्वयंसेवकाच्या यादीत येत नाही. आला तरी, जी पद्धत त्याच्या बाबतीत एकदा निष्फळ ठरली तीच त्याला पुन्हा मिळते. दिव्यांग हक्क कायद्याच्या १८ व्या कलमाने प्रौढ शिक्षणातील समान सहभागाची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्था या दोघांवर टाकली आहे. महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात या कलमाखाली एखादी तरतूद शोधून पाहावी.

या संदर्भात मराठी समाजालाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. दरवर्षी थंडीत येळ्ळूर, कडोली, उचगाव येथे साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, मराठी टिकली पाहिजे असे ठराव होतात. सीमाभागातील लोकांनी पदरमोड करून चालवलेली ही परंपरा अभिमानास्पदच आहे. पण तिच्या मांडवात बसलेल्यांपैकी ज्याला मराठीच वाचता येत नाही, त्याच्यासाठी आपण काय केले? मराठी शाळेची पटसंख्या घटली तर मोर्चा निघतो. त्याच शाळेच्या नववीत बसलेल्या चार मुलांना परिच्छेद वाचता येत नाही, याची साधी बैठकही होत नाही. भाषा वाचवण्याच्या कार्यक्रमात वाचता न येणाऱ्यांना शिकवणे सर्वांत आधी यायला हवे होते.

अशी उपचारांची सोय उभारण्याला घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक खरोखर वजनदार आहे: माणसे कोठून आणायची? ज्या शाळांत गणिताचा शिक्षक नाही तेथे उपचारक कोठून येणार? शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी होते, पण शैक्षणिक उपचारक असा वेगळा वर्ग त्यात नाही. त्यामुळे ही पाटी कोणीही लावू शकतो, आणि पालकांची अगतिकता पाहता लावतीलही. म्हणूनच ही सोय खासगी बाजारावर सोडू नये. बेळगाव महसुली जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. या दोन्ही ठिकाणच्या जिल्हा शिक्षण प्रशिक्षण संस्थांच्या आवारात नोंदणीकृत विशेष शिक्षकांच्या देखरेखीखाली एकेक केंद्र सुरू करता येईल, आणि तालुक्यांतील समावेशक शिक्षणाच्या साधन शिक्षकांना तेथे दोन्ही भाषांतील पद्धती शिकवता येतील. निवृत्त मराठी आणि कन्नड शिक्षकांना प्रशिक्षण देऊन साहाय्यक म्हणून घेतले तर बोलीची जाणही आपोआप मिळेल. खोटी प्रमाणपत्रे काढून सवलती लाटल्या जातील, हा दुसरा आक्षेप. तो सवलतींना लागू पडतो, शिकवण्याला नाही. महिनोन्‌महिने जोडाक्षरे गिरवण्यासाठी कोणी खोटे प्रमाणपत्र काढणार नाही. तेव्हा केंद्राच्या दारात प्रमाणपत्र मागूच नये.

खर्च कर्नाटकाने करावा, कारण मुले त्याच्या शाळांतील आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली तेव्हा त्यावरून जो वाद पेटला, तो पाहता या कामात दुसऱ्या राज्याचा पैसा आला की मुले पुन्हा वादात ओढली जातील. महाराष्ट्राची मदत साधनांच्या रूपाने घ्यावी: किशोर आणि प्रौढांसाठी मराठी चाचण्या, वाचनसाहित्य, ध्वनिमुद्रित पाठ. दिव्यांग हक्क कायद्याच्या ५८ व्या कलमानुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, त्यामुळे पुढे कोल्हापूर किंवा पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलाची अडचण होण्याचे कारण नाही.

केंद्राची वेळ पाळीतल्या कामगारांना जमेल अशी, संध्याकाळी सहानंतरची असावी, आणि नाव ‘दिव्यांग’ शब्द टाळून साधे ‘वाचन-लेखन केंद्र’ ठेवावे. पहिल्या वर्षी दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतील मराठी आणि कन्नड शाळांच्या फक्त नववीच्या वर्गात, मुलाच्या सर्वांत जवळच्या भाषेतील एक पान वाचायला देऊन वेग आणि आकलन तपासता येईल. त्यासाठी वर्गशिक्षकाला प्रत्येक मुलामागे काही मिनिटेच लागतील. ही तपासणी जूनमध्ये झाली तर दहावीच्या परीक्षेआधी शिकवायला दीड वर्षाहून अधिक काळ मिळतो. सध्या पालक दहावीच्या जानेवारीत प्रमाणपत्रासाठी धावतात, आणि तेव्हा शिकवण्यासाठी वेळ उरलेला नसतो.